अपग्रेड नीट झालं, डेटाबेस चालू आहे, पण असलेली नोंद सापडत नाही

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं संगणकाचं काम मी गेली सहा वर्षं बघतो. नोकरी वेगळी आहे, हे संध्याकाळचं. सर्व्हर म्हणजे कपाटाशेजारचं एक मशीन. त्यावर उबुंटू १८.०४ (लिनक्स) आणि पोस्टग्रेस १० हा डेटाबेस. सभासद, पुस्तकं, देवघेव सगळं त्यात. पुस्तकांची यादी लोक घरूनही बघतात, त्यामुळे मशीन इंटरनेटला जोडलेलं आहे. १८.०४चा नेहमीचा सपोर्ट मे २०२३ मध्येच संपला, म्हणून काल रविवारी वाचनालय बंद असताना २०.०४ वर नेलं.

अपग्रेड सुरळीत झालं. मध्ये एक सूचना आली की पोस्टग्रेस १० आता जुनं झालंय, १२ वर जा. ते नंतर करू म्हणून १० तसंच ठेवलं. रीस्टार्ट केलं, डेटाबेस सुरू झाला, दोन-चार पुस्तकं शोधून बघितली आणि घरी गेलो.

आज सकाळी ग्रंथपाल मॅडमचा फोन. शाळा सुरू झाल्यात, बालविभागात नूतनीकरणाची रांग. एका मुलीचं कार्ड २-११५. टाकलं तर 'सभासद नाही'. मॅडमनी सरळ नवीन सभासद म्हणून त्याच क्रमांकावर नोंद केली आणि सॉफ्टवेअरने ती घेतली! त्या कॉलमवर युनिक आहे, एक क्रमांक दोनदा जायलाच नको. संध्याकाळी जाऊन सगळ्या सभासदांची यादी काढली तर मुलीची जुनी नोंद जागच्या जागी आहे. यादीत दिसते, क्रमांकाने शोधली की नाही.

लॉगमध्ये एकही एरर नाही. शनिवारी रात्रीचा डंप, म्हणजे फाइलमध्ये काढलेला बॅकअप, आहे. तो परत चढवू, का आहे तेच दुरुस्त होईल? (कार्ड क्रमांक इंग्रजी आकड्यांत साठवलेत, इथे देवनागरीत लिहितोय.)

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री ९:२५

आधी नोंदी थांबवा. उद्या देवघेव कागदी रजिस्टरवर घ्या, मॅडमना आजच फोन करून सांगा. चुकीच्या स्थितीत पडणारी प्रत्येक नवीन नोंद उद्याचं निस्तरणं वाढवते.

मग पोस्टग्रेस बंद करून त्याच्या डेटाच्या अख्ख्या फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. बिघडलेला असला तरी घ्या. आणि काहीही पर्ज करू नका, म्हणजे पॅकेज सेटिंगसकट काढून टाकू नका. पर्ज करताना तो डेटा पण काढू का विचारतो, आणि रात्री अकरा वाजता थकलेला माणूस हो म्हणून बसतो.

शनिवारचा डंप कधी कुठे चढवून बघितलाय का?

---

शेवंता | सोमवार, रात्री ९:३१

रुमाल टाकून ठेवते. आमच्याकडे पुढच्या महिन्यात हेच करायचंय.

---

तांबडा_पांढरा | सोमवार, रात्री ९:५८

आम्ही एका कॉलेजच्या ऑफिसात हेच अपग्रेड केलं, १८.०४ वरून २०.०४. फक्त तिथे पोस्टग्रेसऐवजी मायएसक्यूएल होतं, त्यामुळे ५.७ वरून थेट ८.० झालं. पॅकेज बसवताना मध्येच थांबलं, 'डीपीकेजी एरर कोड १' (डीपीकेजी म्हणजे पॅकेज बसवणारा प्रोग्राम). तो आकडा गूगलवर टाकून तीन तास गेले. सांगतील ते केलं, पॅकेज काढलं, परत घातलं, तरी तेच.

शेवटी मायएसक्यूएलचा स्वतःचा एरर लॉग उघडला. त्यात सरळ लिहिलं होतं, क्वेरी कॅश साइज नावाचं सेटिंग ओळखीचं नाही. ८.० मध्ये क्वेरी कॅश काढूनच टाकलाय, आणि आमच्या जुन्या सेटिंगच्या फाइलमध्ये ती ओळ कोणीतरी वेग वाढावा म्हणून घातलेली. ती ओळ काढली, सर्व्हर उठला, अडकलेलं पॅकेजही पूर्ण झालं.

दुसऱ्या दिवशी गुणवत्ता यादी उघडेना. टेबलात 'रँक' नावाचा कॉलम, आणि ८.० मध्ये रँक हा राखीव शब्द झालाय. क्वेरीत त्याला उलट्या अवतरणात घातलं तेव्हा यादी आली.

डीपीकेजी फक्त निरोप्या आहे. आतलं दुखणं डेटाबेसच्या लॉगमध्ये असतं. कृष्णाकाठ यांच्या लॉगमध्ये मात्र काहीच नाही म्हणतात, ते मला जास्त काळजीचं वाटतं.

---

जुना_खेळिया | सोमवार, रात्री १०:१४

चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची? सहा वर्षं नीट चाललं होतं. आमच्या पतसंस्थेत जुनं मशीन तसंच आहे. नेट नाही, अपडेट नाही, तक्रार नाही.

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री १०:२०

काका, तुमच्या मशीनला नेट नाही म्हणून ते चालतं. यांची पुस्तकयादी लोक घरून बघतात. सपोर्ट संपलेलं मशीन उघड्यावर ठेवून सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर धोक्यात घालणं मला पटत नाही. अपग्रेड करायलाच हवं होतं.

---

मोरपीस२ | सोमवार, रात्री १०:४७

घाबरू नका म्हणून माझा अनुभव सांगते. मी पोस्टग्रेसचं नवीन पॅकेज टाकलं, जोडणी केली, तर डेटाबेस रिकामा. एकही टेबल नाही. हातपाय गार पडले. भावाने फोनवर सांगितलं, आधी क्लस्टरची (पोस्टग्रेसचा एक सर्व्हर आणि त्याचा डेटा म्हणजे क्लस्टर) यादी बघ. दोन क्लस्टर चालू होते. जुना ५४३२ पोर्टवर सगळ्या डेटासकट, आणि नव्या पॅकेजने स्वतःचा कोरा क्लस्टर ५४३३ वर उभा केलेला. मी कोऱ्या पाटीकडे बघत बसले होते. उबुंटू आणि डेबियनवर असंच होतं, मुख्य आवृत्ती बदलली तरी डेटा आपोआप हलत नाही.

तुमचंही दुसऱ्याच क्लस्टरला जोडलं गेलं नाही ना?

---

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ११:०५

मोरपीसताई, बघितलं. १० हाच ५४३२ वर आहे आणि डेटा पूर्ण आहे.

रात्रपाळी, फोन केला, प्रत घेतली. डंप कधी चढवून बघितला नव्हता. आत्ता जुन्या लॅपटॉपवर (त्यावर अजून १८.०४ आहे) चढवला. चढला. आणि त्या लॅपटॉपवर २-११५ सापडतं!

---

डेट्रॉईटची_थंडी | सोमवार, रात्री ११:४०

इथे दुपार आहे, जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. तुमच्या शेवटच्या वाक्याने मला खात्री पटली. डेटा चांगला आहे, पोस्टग्रेसचं पॅकेजही तेच आहे. त्याच्या खालची ग्लिबसी, म्हणजे लिनक्सवरचे प्रोग्राम वापरतात तो सामायिक मूळ कोड, बदलली. १८.०४ मध्ये ती २.२७ होती, २०.०४ मध्ये २.३१ आहे. मधल्या २.२८ आवृत्तीत, म्हणजे ऑगस्ट २०१८ मध्ये, अक्षरांच्या क्रमवारीचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. पोस्टग्रेसचा स्वतःचा क्रम ठरलेला नसेल तर कुठलं अक्षर आधी, कुठलं नंतर हे तो ग्लिबसीला विचारतो.

वाचनालयाच्या भाषेत सांगतो. शब्दकोशात 'क्ष' कुठे शोधाल? काही कोशांत तो क मध्येच असतो, काहींत पार शेवटी, ळ च्या पुढे. कोश रचणाऱ्याने शेवटी ठेवला आणि तुम्ही क मध्ये शोधलात तर 'क्षमा' हा शब्दच कोशात नाही म्हणाल. शब्द छापलेला आहे, तुम्ही चुकीच्या पानावर आहात.

तुमचा इंडेक्स, म्हणजे नोंद पटकन सापडावी म्हणून डेटाबेसने ठेवलेली क्रमवार यादी, हा तसा कोश आहे. १८.०४ वर असताना जुन्या नियमाने रचला आणि तसाच डिस्कवर राहिला. जुन्या नियमात मधली आडवी रेघ पहिल्या फेरीत मोजतच नसत. म्हणजे २१-१४ हे २११४ आणि २-११५ हे २११५ असं धरून २१-१४ आधी, २-११५ नंतर. नव्या नियमात रेघेलाही जागा आहे आणि ती आकड्यांच्या आधी येते. म्हणून आता २-११५ आधी आणि २१-१४ नंतर. शोध इंडेक्समध्ये शिरतो, वाटेत २१-१४ भेटतं, 'आपलं याच्या डावीकडे' म्हणून वळतो. नोंद आहे उजवीकडे.

युनिकही तसाच फसतो. तो पण इंडेक्समध्येच आधीचा क्रमांक शोधतो, त्याला मिळत नाही, म्हणून नवीन नोंद आत घेतो. सगळी यादी काढताना इंडेक्स लागत नाही, टेबल वरपासून खालपर्यंत वाचलं जातं, म्हणून तिथे मुलगी दिसते.

करून बघा. एका फाइलमध्ये दोन ओळी लिहा, १-१ आणि ११. आकडे इंग्रजीत. डेटाबेसचं जे लोकेल (भाषेचं सेटिंग) आहे तेच लावून सॉर्ट चालवा, सर्व्हरवर आणि लॅपटॉपवर.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, पहाटे १२:२०

केलं. लोकेल अमेरिकन इंग्रजी, यूटीएफ-८.
लॅपटॉप: ११, मग १-१.
सर्व्हर: १-१, मग ११.

पाच मिनिटं नुसता पडद्याकडे बघत होतो. दोन्हीकडे तीच फाइल, तीच कमांड.

---

शेवंता | मंगळवार, सकाळी ७:१५

बापरे. आणि एरर एकही नाही? इशारा तरी द्यायला हवा ना त्याने.

---

डेट्रॉईटची_थंडी | मंगळवार, सकाळी ७:५०

शेवंताताई, पोस्टग्रेस १५ पासून देतो. डेटाबेस बनला तेव्हाची कोलेशनची (क्रमवारीच्या नियमांची) आवृत्ती तो लिहून ठेवतो आणि जोडणी करताना ती जुळली नाही तर बोलतो. १० मध्ये मूळ कोलेशनसाठी ही सोय नाही. तिथे हे गुपचूप होतं, म्हणूनच मला हे सर्व्हर न उठण्यापेक्षा वाईट वाटतं. सर्व्हर पडला तर निदान सगळे धावत येतात.

आमच्याकडे मुख्य सर्व्हर जुन्या लिनक्सवर होता आणि त्याची रेप्लिका नव्या मशीनवर उभी केली. पोस्टग्रेसची आवृत्ती एकच, म्हणून कोणाला शंका आली नाही. रेप्लिका म्हणजे इंडेक्ससकट हुबेहूब प्रत. अहवाल रेप्लिकेवरून निघायचे आणि काही ग्राहक त्यात नसायचे. आठ दिवस आम्ही क्वेरीत चूक शोधत होतो.

---

तांबडा_पांढरा | मंगळवार, सकाळी ९:०५

मायएसक्यूएलमध्ये पण होऊ शकतं का हे?

---

डेट्रॉईटची_थंडी | मंगळवार, सकाळी ९:१२

या मार्गाने नाही. मायएसक्यूएल क्रमवारीचे नियम स्वतःजवळ ठेवतो, ग्लिबसीला विचारत नाही. पण ८.० मध्ये मूळ कॅरॅक्टर सेट आणि कोलेशन दोन्ही बदलली, त्यामुळे जुनं टेबल आणि नवीन टेबल जोडताना कोलेशनची सरमिसळ चालणार नाही अशी एरर येते. ती निदान समोर दिसते. आणि ८.० ने डेटा एकदा आपलासा केला की त्याच फायलींवर परत ५.७ चालत नाही. आधीचा बॅकअप हाच परतीचा रस्ता.

---

खिडकीतला_पाऊस | मंगळवार, सकाळी १०:३०

अवांतर: माझ्याकडे मायएसक्यूएलचा डेटा दुसऱ्या मोठ्या डिस्कवर हलवला होता. एका अपग्रेडनंतर 'परवानगी नाही'. फोल्डरचे हक्क दहादा तपासले, सगळं बरोबर. अ‍ॅपआर्मर (कुठल्या प्रोग्रामने कुठल्या फायली उघडायच्या हे ठरवणारी सुरक्षा) अडवत होतं. डिस्क हलवताना नवा रस्ता त्याच्या मूळ प्रोफाइलमध्ये लिहिलेला, आणि अपग्रेडमध्ये 'पॅकेजवाल्याची फाइल घेऊ का' ला हो म्हटल्यावर ती ओळ गेली. आता लोकलच्या फाइलमध्ये लिहून ठेवलंय, तिला पॅकेज हात लावत नाही.

---

जुना_खेळिया | मंगळवार, सकाळी ११:००

कृष्णाकाठ, मग शनिवारचा डंप चढवा आणि मोकळे व्हा. डंप चढवताना इंडेक्स नव्याने बांधले जातात ना? मग क्रम आपोआप नवाच येईल. सोमवारच्या नोंदी हाताने परत घाला.

---

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ११:२५

काका, तुमचं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, डंपमधून आलेले इंडेक्स नवेच असतील. पण सोमवारची देवघेव रजिस्टरवर नव्हती, ती फक्त सर्व्हरवर आहे. कुठलं पुस्तक कोणाच्या घरी गेलं हे त्यात आहे. ते फेकून द्यायला नको. टेबलातला डेटा शाबूत आहे, बिघडलेत ते इंडेक्स. दुरुस्तीच करा. डंप हाताशी असू द्या.

क्रम सांगतो.

आधी अ‍ॅमचेक हे एक्स्टेन्शन चालू करून टेक्स्ट कॉलमवरच्या प्रत्येक इंडेक्सची तपासणी करा. कुठला बिघडलाय ते तो नावानिशी सांगेल.

मग दुबार नोंदी काढा. हे रीइंडेक्सच्या (इंडेक्स नव्याने बांधण्याच्या) आधीच करायला लागतं, कारण एकाच क्रमांकाच्या दोन नोंदी असताना युनिक इंडेक्स बांधलाच जात नाही, मध्येच एरर देऊन थांबतो. आणि दुबार शोधताना त्याच बिघडलेल्या इंडेक्सवर विसंबू नका. त्या सेशनपुरतं इंडेक्स स्कॅन, इंडेक्स ओन्ली स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन तिन्ही बंद करा, म्हणजे तो टेबल सरळ वाचेल.

कुठली नोंद ठेवायची हे तुम्ही आणि मॅडमनी बसून ठरवा. सोमवारी दिलेली पुस्तकं नव्या नोंदीला चिकटलेली असतील, ती आधी जुन्या नोंदीकडे वळवा, मगच नवी काढा.

सगळं झालं की अख्ख्या डेटाबेसचं रीइंडेक्स. चालू असताना टेबलं लॉक होतात, वाचनालय बंद झाल्यावर करा.

---

मोरपीस२ | मंगळवार, दुपारी १:४०

रात्रपाळींचा प्रतिसाद प्रिंट काढून भिंतीवर लावतेय.

---

तांबडा_पांढरा | मंगळवार, दुपारी २:१०

अजून एक. रात्रीतून आपोआप होणारे अपडेट बंद ठेवता का तुम्ही लोक? आमच्याकडे सकाळी सहा-सातच्या सुमारास अनअटेंडेड अपग्रेड मायएसक्यूएल रीस्टार्ट करायचं आणि सकाळची पहिली हजेरी अडकायची. मी डेटाबेसचं पॅकेज होल्डवर टाकलं, म्हणजे ते अपडेटच होत नाही.

---

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी २:३०

होल्ड मला आवडत नाही, कारण तो लावलेला विसरतो आणि सुरक्षेचे अपडेटही अडतात. टायमरची वेळ बदलून पहाटे तीन करा.

---

खिडकीतला_पाऊस | मंगळवार, दुपारी २:४५

मी होल्डच्याच बाजूने. ज्या मशीनजवळ पहाटे तीनला कोणी नसतं, तिथे डेटाबेस आपल्या समोरच रीस्टार्ट झालेला बरा. मी महिन्यातून एक शनिवार ठेवलाय, होल्ड काढायचा, अपडेट करायचं, लॉग वाचायचा, परत लावायचा. कॅलेंडरवर लाल पेनने लिहिलंय.

---

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री १०:३५

झालं!

काल संध्याकाळी अ‍ॅमचेक चालवलं. दोन इंडेक्सवर 'नोंदींचा क्रम बिघडला आहे' अशा अर्थाची एरर आली. एक सभासदांच्या कार्ड क्रमांकाचा, दुसरा पुस्तकांच्या दाखल क्रमांकाचा. त्यातही रेघ आहे. म्हणजे मी रविवारी जी दोन-चार पुस्तकं शोधली ती नावाने शोधली होती. दाखल क्रमांकाने एक जरी शोधलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

दुबार नऊ कार्डं निघाली. सगळी सोमवारची. आज संध्याकाळी मॅडम आणि मी नऊच्या नऊ नोंदी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. मॅडम मुलांना नावानिशी ओळखतात. एका नोंदीत वडिलांचा फोन नंबर वेगळा होता, त्यांनी लगेच सांगितलं की नवा बरोबर, ते मागच्या वर्षी मिरजेहून इकडे आले. तो जुन्या नोंदीत घातला, पुस्तकं वळवली, नवी नोंद काढली. असं नऊ वेळा.

मग रीइंडेक्स. आमचा डेटा लहान, चार मिनिटांत झालं. परत अ‍ॅमचेक, सगळं स्वच्छ. २-११५ टाकलं आणि मुलगी समोर आली. मॅडमनी टाळी वाजवली.

---

शेवंता | बुधवार, रात्री १०:५०

वा! वाचून मलाच हायसं वाटलं. आमचं अपग्रेड आता सॉर्टची ती दोन ओळींची फाइल घेऊनच करणार.

कार्ड क्रमांकाच्या कॉलमला 'सी' कोलेशन दिलं तर हा प्रश्न कायमचा सुटेल ना?

---

डेट्रॉईटची_थंडी | गुरुवार, सकाळी ७:३०

अभिनंदन कृष्णाकाठ.

शेवंताताई, क्रमांकाच्या कॉलमला जरूर द्या. 'सी' मध्ये नुसती बाइटची तुलना असते, ग्लिबसी कितीही बदलली तरी ती हलत नाही. नावांना मात्र देऊ नका. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे बसवलाय, व च्या आधी. त्यामुळे 'सी' च्या यादीत काळे आधी आणि कावळे नंतर येतील. आपल्या वर्णमालेत ळ शेवटाकडे, म्हणजे कावळे आधी हवेत. सभासदांची छापील यादी बघणारा हे लगेच धरेल. नावांना भाषेचाच क्रम ठेवा आणि दर मोठ्या अपग्रेडनंतर त्या इंडेक्सचं रीइंडेक्स करा. ग्लिबसीऐवजी आयसीयूचे क्रमवारीचे नियम वापरलेत तरी हेच, त्याचीही आवृत्ती बदलते.

---

रात्रपाळी | गुरुवार, सकाळी ८:०५

कृष्णाकाठ, २०.०४ वर फार दिवस थांबू नका, तिचाही नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला. पोस्टग्रेस १० तर नोव्हेंबर २०२२ पासून बंद आहे. पुढच्या वेळी डेटाबेस हलवताना डंप घेऊन चढवण्याचीच पद्धत वापरा. पीजी-अपग्रेड (पोस्टग्रेसची आवृत्ती बदलायचा प्रोग्राम) वेगवान आहे, पण तो इंडेक्सच्या फायली आहेत तशा उचलतो, मग मशीन बदलल्यावर हेच दुखणं परत.

---

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री ९:२०

हो. वाचनालयाच्या अध्यक्षांशी बोललो, जुनं एक मशीन मागून घेतलंय. या रविवारी त्यावर २२.०४ टाकून तालीम करणार. डंप चढवणार, अ‍ॅमचेक चालवणार, आणि मॅडम स्वतः येऊन प्रत्येक विभागाची पाच-पाच कार्डं क्रमांकाने शोधून बघणार आहेत. कार्ड क्रमांकाला 'सी' तिथेच देईन.

ती मुलगी आज आली होती. दोन पुस्तकं घेऊन गेली, कार्डावर नवीन शिक्का मारून.